आजोबांची गाडी, घरचं अंगण आणि सहा माणसं: जुन्या गाडीची बॉडी उचलण्याआधी

जुन्या गाडीच्या नादाला लागलेल्या माणसाच्या डोक्यात एक किडा कधी ना कधी वळवळतोच. रंग उडालेला असतो, खालून गंजाचे पापुद्रे गळत असतात, आणि अशात मोबाइलवर एक व्हिडिओ दिसतो. चार-सहा मित्र गाडीची अख्खी बॉडी कोपऱ्यांना धरून उचलतात आणि शेजारच्या हिरवळीवर नेऊन ठेवतात. खाली उरतात चाकं, इंजिन आणि लोखंडी सांगाडा. तीस सेकंदांत खेळ खल्लास. त्याच्या आधीचे तीन महिने आणि नंतरची तीन वर्षं व्हिडिओत नसतात.

बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये राहणाऱ्या मराठी घरांमध्ये हा विषय निघतो तो बहुतेक वेळा गावाकडच्या घरामुळे. सांगलीच्या, बेळगावच्या नाहीतर साताऱ्याच्या वाड्याची वाटणी होते, आणि पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली आजोबांची गाडी कुणालाच नको असते. मग आयटीतला नातू म्हणतो, मी नेतो. गाडी ट्रकवर चढते, ट्रक पुणे-बेंगळुरू हायवेला लागतो. इथवर सगळं सोपं. पुढे काय करायचं आणि काय करायचं नाही, त्यासाठी हा लेख.

पहिला प्रश्न: तुमच्या गाडीला सांगाडा आहे का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण इथेच निम्म्या लोकांची गाडी अडते. आपल्याकडे जुनी गाडी म्हटली की डोळ्यांसमोर येते ती फियाट, म्हणजेच प्रीमियर पद्मिनी, नाहीतर अँबॅसेडर. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला नटवून निरोप दिला, आणि त्यानंतर अनेकांना आपापल्या पडवीतल्या फियाटची आठवण झाली. पण या दोन्ही गाड्यांची बॉडी उचलता येत नाही. कारण खाली वेगळा सांगाडा नाहीच. वालचंद हिराचंद यांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी पद्मिनी आणि कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनणारी अँबॅसेडर, या दोन्हींचा पत्राच त्यांचा सांगाडा आहे. फरशी, खांब, छत, दारांखालच्या पट्ट्या, सगळं एकमेकांना वेल्डिंगनं जोडलेलं.

आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेचा विचार करा. ट्रंकेच्या आत लाकडी चौकट नसते. पत्र्याच्या घड्या आणि कडा यांच्यामुळेच ती ताठ उभी राहते. अशा गाडीची 'बॉडी काढू' म्हणून कुणी मिस्त्री कटर घेऊन आला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

याउलट दुसऱ्या जातीच्या गाड्या शिडीवर बांधलेल्या घरासारख्या असतात. खाली दोन लांब लोखंडी तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, त्याच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, चाकं. हा झाला पुरता चालणारा गाडा. बॉडी फक्त वर बसवलेली, बोल्टांनी आवळलेली. महिंद्रानं १९४७ पासून जुळवायला घेतलेली विलीज जीप या जातीची. आज तुमच्या सोसायटीत उभी असलेली थार किंवा फॉर्च्युनरसुद्धा याच जातीची आहे, फक्त ती उचलायची वेळ अजून आलेली नाही.

दुसऱ्या महायुद्धाआधी तर चांगल्या गाड्यांचा धंदाच असा चालायचा. एक कंपनी इंजिनासकट चेसिस बनवायची आणि दुसरीच कुणी कारागीर मंडळी त्यावर गिऱ्हाइकाच्या आवडीची बॉडी चढवायची. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बाहेर निघते, ती त्या काळातली. मद्रासच्या सिम्पसन अँड कंपनीनं आधी घोड्यांच्या गाड्या बनवल्या आणि पुढे मोटारींच्या बॉड्या, ते याच कौशल्याच्या जोरावर.

पण मध्यमवर्गीय मराठी घरात मेबॅक नसते. तिथे असते हेराल्ड.

हेराल्ड: बोल्टांनी जोडलेली गाडी

ज्यांना ही गाडी आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. परवाना राजच्या काळात भारतीय माणसाला मोटार घ्यायची तर नावं तीनच होती: अँबॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड. हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीत १९६१ पासून बनू लागली. इंजिन ९४८ सीसीचं. बुटकी, कोनदार, दोन दारांची, आणि बोनेट उघडलं की मडगार्डांसकट गाडीचं अख्खं नाक पुढे कलंडायचं. पुढे चार दारांची आली आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची जागा गझेलनं घेतली.

मूळ गाडी इंग्लंडची, ट्रायम्फ हेराल्ड, १९५९ सालची. तिचं रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटलं होतं. त्या वेळी बाकीचे कारखाने सांगाडा नसलेल्या गाड्यांकडे वळत होते, मग हेराल्डला वेगळी चेसिस का? उत्तर मजेदार आहे. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉड्या पुरवणारा फिशर अँड लुडलो हा कारखाना १९५३ मध्ये प्रतिस्पर्ध्यानं, म्हणजे बीएमसीनं विकत घेतला. आता अख्खी बॉडी एका ठिकाणी दाबून देणारं कुणी उरलं नाही. तेव्हा इंजिनिअर हॅरी वेब्स्टर आणि त्यांच्या लोकांनी तोडगा काढला की गाडीचे तुकडे वेगवेगळ्या कारखान्यांत बनवायचे आणि चेसिसवर आणून बोल्टांनी जोडायचे. पुढचा भाग वेगळा, मागचा टब वेगळा, छत वेगळं.

एका कंपनीची अडचण साठ वर्षांनी आपल्या पथ्यावर पडली आहे. जी गाडी तुकडे जोडून बनली, ती तुकडे सोडवून उघडताही येते. इंग्लंडमधले हौशी लोक दारं, बोनेट, सीट, काचा काढून झाल्या की चार-सहा जण मिळून हेराल्डचा टब हातांनी उचलतात. अख्खी गाडी सुमारे ८०० किलोची, आणि त्यातलं बरंच वजन खाली चेसिसवर, इंजिनात आणि चाकांत राहतं. म्हणजे व्हिडिओ खोटा नसतो. अपुरा असतो.

उचलायचीच का?

माझं मत आधीच सांगून टाकते: बहुतेक गाड्यांची बॉडी उचलू नये.

कारण साधं आहे. उचलणं हे काम एका दिवसाचं, पण ते केलं की बाकीची सगळी कामं एकदम अंगावर येतात. बॉडी खाली उतरली की गाडी 'जुनी' राहत नाही, ती 'सुट्या भागांचा ढीग' होते. ढीग झालेल्या गाडीला ना चालवता येतं, ना ढकलता येतं, ना धड विकता येतं. घरातल्यांचा उत्साह पहिल्या दोन रविवारी असतो. नंतर मुलांच्या परीक्षा येतात, ऑफिसात रिलीज येतो, कुणाची तरी बदली होते, आणि दोन वर्षांनी सोसायटीची नोटीस येते. भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर गेलेल्या अनेक चांगल्या गाड्या गंजानं नाही, अशा अर्धवट कामानं मेलेल्या असतात.

म्हणून आधी खाली झोपून बघा. जॅकवर नुसती उचललेली गाडी अंगावर येऊ शकते, म्हणून जॅकच्या जोडीला पक्के लोखंडी स्टँड लावल्याशिवाय कुणीही, एका मिनिटासाठीही, गाडीखाली जायचं नाही. विटा नाहीत, सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर अजिबात नाहीत. ते एका क्षणात फुटतात आणि फुटण्याआधी सांगत नाहीत.

एक जाडसर स्क्रू-ड्रायव्हर आणि छोटी हातोडी घ्या. चेसिसच्या मुख्य तुळईवर टकटक करत जा. ठणठणीत आवाज आला तर लोखंड शाबूत. आवाज बोदा आला, पापुद्रे सुटले, स्क्रू-ड्रायव्हर आत शिरला, तर तिथे खूण करा. हेराल्डमध्ये मुख्य तुळयांपासून बाजूला जाणारे हात असतात, त्यांच्या टोकांवर बॉडी बसते. माती आणि पाणी नेमकं तिथेच साठतं. मुख्य तुळया चांगल्या असतील आणि एखाददुसराच हात गेला असेल, तर तो बॉडी न उचलताही बदलता येतो. चारही बाजूंनी सडलं असेल, किंवा अपघातात चेसिस पिळवटलेली असेल, तरच उचलण्याला अर्थ आहे.

आणि गाडीवर अजून कारखान्याचा मूळ रंग असेल, तर तिला हात लावताना दहादा विचार करा. नवा रंग कधीही देता येतो. साठ वर्षांपूर्वीचा रंग पुन्हा मिळत नाही.

व्हाइटफील्डमध्ये जागा कुठे आहे?

खरं तर व्हाइटफील्ड या कामासाठी कधीकाळी उत्तम गाव होतं. १८८२ मध्ये म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी अँग्लो-इंडियन लोकांच्या वसाहतीसाठी इथे जमीन दिली, आणि त्यांचे पुढारी डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून गावाला नाव पडलं. मधोमध गोल मैदान, भोवती कौलारू घरं, घराभोवती ऐसपैस बाग. इनर सर्कलमध्ये त्यातली काही घरं अजून आहेत. अशा घराच्या आवारात दोन गाड्यांचे सांगाडे महिनोन्‌महिने उभे राहिले तरी कुणाला पत्ता लागला नसता.

आज आपण राहतो ते चौदाव्या मजल्यावर. आपल्या वाट्याला येतो बेसमेंटमधला पिवळ्या पट्ट्यांनी आखलेला एक चौकोन. तिथे हे काम होणार नाही, आणि करूही नये. छत बुटकं असतं, वर पाण्याचे आणि आग विझवण्याचे पाइप असतात, हवा खेळत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साठून राहते. जुनी टाकी उघडल्यावर पंधरा फुटांवर कुणी ग्राइंडर चालवला तर ठिणगी पुरेशी आहे. सोसायटीचा सेक्रेटरी नाही म्हणाला तर तो खडूस नाही, शहाणा आहे.

मग पर्याय काय? व्हिला किंवा स्वतंत्र घर असेल तर गेटच्या आतलं फरसबंद अंगण. नाहीतर होस्कोटे किंवा सर्जापूरच्या बाजूला ओळखीच्या कुणाची शेड. जागा कशीही असली तरी तिला तीन गोष्टी हव्यात: सपाट, टणक जमीन, डोक्यावर पक्कं छप्पर, आणि उचललेली बॉडी ठेवायला गाडीइतकीच आणखी एक जागा. शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते. एका गाडीच्या दोन गाड्या होतात आणि त्यात दारं, बोनेट, सीटं यांची तिसरी.

वेळ डिसेंबर ते मार्च. बेंगळुरूचा पाऊस मे महिन्यात वळवानं सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. उघड्या पत्र्यावर दमट हवेत दोन दिवसांत तांबूस झाक चढते.

उचलण्याआधीचे तीन महिने

मोबाइल हे या कामातलं सगळ्यात मोलाचं अवजार आहे. प्रत्येक वायर, प्रत्येक पाइप, प्रत्येक बोल्ट सोडवण्याआधी फोटो. जवळून एक, लांबून एक. मग सुटलेला प्रत्येक नट-बोल्ट झिपच्या पाउचमध्ये, पाउचवर मार्करनं नाव आणि तारीख. 'डावं पुढचं दार, वरचं बिजागर' इतकं सविस्तर. 'दाराचे स्क्रू' असं लिहिलेलं पाउच वर्षभरानं रिकाम्यासारखंच असतं. घरातल्या मुलांना हे काम द्या. त्यांच्याइतकं मन लावून कुणी लेबलं लावत नाही. आजीला विचारून लोणच्याच्या रिकाम्या बरण्या मिळाल्या तर उत्तम, बाहेरून आतलं दिसतं.

मुलांना कोणतं काम द्यायचं नाही, तेही सांगायला हवं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासायचा नाही आणि ती धूळ घरात येऊ द्यायची नाही. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ती हवेनं उडवायची नाही, फुंकर तर नाहीच. ओल्या फडक्यानं पुसायची आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं. पुढच्या चाकांच्या दाबलेल्या स्प्रिंगा योग्य साधनाशिवाय सोडवणं म्हणजे बंदुकीशी खेळणं आहे. ते काम मिस्त्रीचं.

बॉडी आणि चेसिस यांना जोडणाऱ्या गोष्टी मोजायला बसलं की लक्षात येतं, बोल्ट हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. बॅटरी आधी काढायची. मग वायरिंगचा जुडगा, इंजिनाची अर्थिंगची पट्टी, स्टिअरिंगचा दांडा, क्लच आणि ब्रेकचे तेलाचे पाइप, हँडब्रेकची केबल, अ‍ॅक्सिलरेटर आणि चोकच्या तारा, स्पीडोमीटरची केबल. हेराल्डची पेट्रोल टाकी डिकीत असते, ती मोकळ्या हवेत रिकामी करून आधीच बाहेर काढायची. गिअरबॉक्सवरचं झाकण आतून निघतं. ब्रेकचं तेल रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो, म्हणून खाली फडकी अंथरायची. यातली एकच केबल विसरली तरी उचलताना बॉडी एका कोपऱ्यात अडकते, आणि नेमकं तेव्हाच सहा माणसांच्या हातांत वजन असतं.

बोल्ट साठ वर्षं जाम असतात. त्यांच्यावर जोर करू नका, धीर करा. आठवडाभर रोज संध्याकाळी गंज सैल करणारं तेल सोडायचं, हातोडीनं हलकेच ठोकायचं, झोपी जायचं. तरीही न सुटणारा बोल्ट कापावा लागतो, पण तोवर टाकी, तेल, गाद्या सगळं लांब गेलेलं असायला हवं आणि हाताशी अग्निशामक हवा.

आता या सगळ्यातली दोन बारीक कामं, ज्यांच्यावर पुढचं यश अवलंबून असतं.

एक, पॅकिंग. बॉडी आणि चेसिसच्या मध्ये प्रत्येक बोल्टापाशी रबराच्या किंवा धातूच्या चकत्या असतात. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. ती कारखान्यातल्या कारागिराची चूक नाही. दारं नीट बसावीत म्हणून त्यानं प्रत्येक ठिकाणी मापून चकत्या घातलेल्या असतात. कागदावर गाडीचा वरून दिसणारा नकाशा काढा आणि प्रत्येक बोल्टापाशी किती चकत्या, किती जाडीच्या, हे लिहा. उचलण्याआधी दारांच्या चारही बाजूंच्या फटीही मोजून ठेवा.

दोन, आधार. दारं काढलेला टब मऊ पडतो. छतही काढलं असेल तर उचलल्यावर मधे वाकू शकतो, आणि वाकलेली बॉडी परत कधीच नीट बसत नाही. म्हणून दाराच्या मोकळ्या चौकटीत, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी अँगल बोल्टांनी घट्ट बसवायचे. दारं लावलेली असतानाच मापं घ्यायची, मग दारं काढून अँगल लावायचे. हे अँगल बॉडी पुन्हा चेसिसवर बसून दारं लागेपर्यंत काढायचे नाहीत.

तो एक दिवस

उचलण्याच्या तीन रीती आहेत. हातांनी, साखळी-कप्पीनं, किंवा ठोकळ्यांवर चढवत.

हातांची रीत हेराल्डचा मोकळा टब किंवा जीपचा डबा यांच्यासाठी ठीक. सहा माणसं, पायांत जाड बूट, हातांत मोजे, आणि हुकूम देणारा सातवा माणूस जो स्वतः काहीही उचलत नाही. आपल्याकडे सातही जण हुकूम देतात, त्यामुळे हे आधी ठरवून घ्यावं. कुणाच्या कमरेचं दुखणं असेल त्यानं व्हिडिओ काढावा.

साखळी-कप्पी भाड्यानं मिळते, पण ती टांगायची कशाला? इथे एक धोक्याची गोष्ट: झोपाळ्याच्या कड्याला नाही. हा विचार अनेकांना सुचतो, कारण कडं भक्कम दिसतं आणि त्याच्यावर चार माणसं बसतात. पण झोपाळ्याचं वजन दोन किंवा चार कड्यांत वाटलेलं असतं. एका कड्यावर एकाएकी पडणारा झटका ही वेगळीच गोष्ट आहे, आणि स्लॅबमध्ये ते कडं कसं बसवलंय हे कुणालाच माहीत नसतं. पोर्चच्या तुळईचंही तेच. दोन पायांची लोखंडी कमान भाड्यानं आणा. पट्टे बॉडीच्या मजबूत भागांखालून घ्या आणि मधे आडव्या पट्ट्या ठेवून ते ताणून धरा, नाहीतर वर खेचताना पट्टे आत ओढले जाऊन पत्रा चेपतात. व्हाइटफील्डला कंटेनर डेपो असल्यानं क्रेनवाले या भागाला नवे नाहीत, पण एका टबासाठी हायड्रा बोलावणं म्हणजे मुंगीसाठी तोफ, आणि वरून विजेच्या तारा जात असतील तर तो विचारही नको.

मला सगळ्यात पटलेली रीत तिसरी, कारण तिच्यात घाई करताच येत नाही. दोन लांब, जाड लाकडी वासे किंवा लोखंडी चौकोनी नळ्या बॉडीखालून आडव्या सरकवायच्या, एक पुढे, एक मागे. चाकांच्या रुंदीपलीकडे, गाडीच्या दोन्ही बाजूंना, त्यांची टोकं स्टँडवर टेकवायची. मग एका टोकाला जॅक, दोन इंच वर, टेकू. दुसऱ्या टोकाला जॅक, दोन इंच वर, टेकू. असं चारही टोकांना फिरत राहायचं. बॉडी कधीही एका बाजूला फार कलू द्यायची नाही. प्रत्येक फेरीनंतर एक जण टॉर्च घेऊन बघतो, कुठे एखादी वायर ताणली जातेय का. मागच्या चाकांचा वरचा भाग बॉडीच्या फरशीखालून सुटेल इतकी उंची मिळाली की चेसिस आपल्याच चाकांवर ढकलत पुढून बाहेर काढायची. बॉडी जागच्या जागी तरंगत राहते. काम सकाळी सुरू केलं तर दुपारच्या जेवणाला होतं. बॉडी मात्र त्या टेकूंवर महिनोन्‌महिने ठेवायची नाही, तिच्यासाठी चाकांची लाकडी चौकट आधीच बनवून तयार हवी.

चेसिस उघडी पडली की

गवंड्याकडे असतो तसा ओळंबा आणा. चेसिस सपाट फरशीवर स्टँडवर ठेवून दोन्ही बाजूंच्या सारख्याच भोकांमधून ओळंबा सोडा आणि फरशीवर खडूनं ठिपके करा. मग दोरीनं तिरकी मापं घ्या, पुढच्या डाव्यापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट. दोन्ही सारखी आली तर सांगाडा काटकोनात आहे. घराचा पाया आखताना गवंडी हेच करतो. मापांत मोठा फरक दिसला तर रंगावर पैसे घालवण्याआधी चेसिस सरळ करणाऱ्याकडे न्या.

सुटे भाग शोधायला जे. सी. रोड आहेच, आणि शिवाजीनगरची गुजरी. कोल्हापूरकर पाहुण्याला 'गुजरीत जाऊन येतो' म्हणालात तर तो सोन्याचा भाव विचारेल, कारण त्यांची गुजरी म्हणजे सराफ बाजार. बेंगळुरूच्या गुजरीत मिळतात ते जुन्या गाड्यांचे अवयव. हेराल्डवाल्यांचं नशीब आणखी बरं, इंग्लंडमध्ये १९७७ पासून ट्रायम्फच्या हौशी लोकांचा मोठा क्लब आहे आणि बॉडीच्या रबरी चकत्यांपर्यंत अनेक भाग तिथे आजही नवे बनतात.

आता कायद्याचं. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. हेराल्ड आता सरसकट या वयात बसतात. पण नियमात एक अट आहे: चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत. गंज काढणं, सडलेला तुकडा तसाच्या तसा बदलणं वेगळं. चेसिस कापून दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणं वेगळं. 'हेराल्डमध्ये मारुतीचं इंजिन टाकू, पळेल मस्त' असं सांगणारा मिस्त्री प्रत्येक शहरात असतो. तो गाडी पळवेल, पण व्हिंटेजची नोंदणी घालवेल.

म्हणून काम सुरू करण्याआधीच चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घ्या, नंबराच्या प्लेटचे फोटो काढा, आणि ते आरसी बुकाशी ताडून बघा. गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसाचे कागद आधी. आणि चेसिस वाळूच्या माऱ्यानं साफ करायला देताना नंबराच्या जागेवर जाड टेप लावून, कारागिराला बोट दाखवून सांगा. नंबर एकदा पुसला गेला की आरटीओसमोर ती गाडी कुणाचीच नसते.

गंज काढलेल्या चेसिसवर त्याच दिवशी प्रायमर चढला पाहिजे. त्यावर एपॉक्सी रंग. पावडर कोटिंग चकचकीत दिसतं, पण त्याला बारीक तडा गेला तर पाणी आत शिरून खालच्या खाली गंज पसरतो आणि वरून कळतही नाही. मी रंगालाच मत देईन. पोकळ तुळयांच्या आत मेणासारखं गंजरोधक सोडायला विसरू नका, गंज बाहेरून कमी आणि आतून जास्त येतो.

परत खाली

अनेक जण दसऱ्याचं लक्ष्य ठेवतात. कर्नाटकात आयुधपूजेला प्रत्येक गाडीसमोर कुंकू लावलेला कोहळा फुटतो, आपल्याकडे झेंडूची माळ. दोन्ही करणारी घरं व्हाइटफील्डमध्ये भरपूर आहेत. लक्ष्य असायला हरकत नाही, पण पुजेला चेसिसच उभी असली तरी हार तिलाही घालता येतो.

बॉडी खाली उतरवताना नवी पॅकिंग जुन्या नकाशाप्रमाणे ठेवायची, सगळे बोल्ट हातानं नुसते अडकवायचे, एकही आवळायचा नाही. मग दारं लावायची. दार बंद करून फटी मोजायच्या आणि जुन्या मापांशी ताडायच्या. दाराचा मागचा कोपरा खाली लोंबत असेल तर कुठली तरी चकती कमी-जास्त झालेली असते. बोल्ट सैल, पहार हळूच, चकती आत, पुन्हा दार बंद. यात दोन रविवार सहज जातात. फटी सारख्या झाल्या की बॉडीचे बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळायचे, आणि प्रत्येक फेरीनंतर दार पुन्हा लावून बघायचं. मगच दारांच्या चौकटीतले ते अँगल काढायचे.

एक गोष्ट सगळ्यात शेवटी. बॉडी नसताना चेसिस हलकी असते, त्यामुळे स्प्रिंगांवर ती नेहमीपेक्षा उंच उभी राहते. सस्पेन्शनच्या रबरी बुशांमधून जाणारे बोल्ट त्या उंचीवर आवळले, तर वजन आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून ते अर्धवट सैल ठेवायचे. इंजिनात तेल, टाकीत थोडं पेट्रोल, सीटं जागेवर, चारही चाकं जमिनीवर. घरातल्या दोन माणसांना पुढे बसवायचं, गाडी दोन-तीनदा दाबून सोडायची, म्हणजे ती आपल्या खऱ्या उंचीला बसते. तुम्ही पाना घेऊन बाजूनं खाली वाकायचं. आत बसलेल्यांना सांगायचं, हलू नका. आणि तेव्हा ते बोल्ट आवळायचे.